साक्षीदार क्रमांक तीन

"काका, पार्टी पायजे! पोलिसांचा रिपोर्ट एकदम क्लीन आला," अनीशने मोबाइल माझ्या तोंडासमोर नाचवला.

"क्लीन कसा येईल?"

"अरे, आला ना! आता बॅज पंधरा दिवसांत. तुमच्या टॅक्सीवाल्या शेठला बोला, गाडी धुऊन ठेव."

अनीश हा उल्हासनगरचा सिंधी. आरटीओच्या बाहेर छत्रीखाली टेबल टाकून वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय. टॅक्सी चालवायची तर लायसनवर बॅज लागतो, आणि बॅजच्या आधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी. फॉर्मात एक प्रश्न होता : यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? अनीशचा हात सवयीने 'नाही'कडे गेला होता. मी तो धरला. म्हटलं, होय लिही. "काका, इधर 'होय' कोई नहीं लिखता," तो म्हणाला. मी उभा राहून त्याच्याकडून 'होय' लिहून घेतलं.

आणि आता हा म्हणतोय क्लीन!

मी चष्मा लावून रिपोर्ट वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं, की सदर शिक्षा चामटोली गावातील त्याच नावाच्या मयत इसमास झालेली असून अर्जदाराने अर्जात चुकून 'होय' नमूद केले आहे.

चुकून! माणूस जन्मतारीख चुकवेल, पिनकोड चुकवेल. तीन वर्षं जेलात काढली हे कोण चुकून लिहील?

"देवाने दिलं ते घ्या ना," अनीश म्हणाला. "मरे हुए आदमी का क्या जाता है?"

मी त्याच्याकडून रिपोर्टचा छापील कागद घेतला आणि निघालो.

माझं नाव चंदर रामा भोईर. आमच्या गावात याच नावाचे आम्ही दोघं होतो. बापाचं नावही एकच, वयात वर्षाचा फरक. मी वरच्या आळीचा चंदर आणि तो खालच्या आळीचा. तो टेम्पो चालवायचा. तेरा वर्षांपूर्वी काविळीने गेला. त्याची बायको सखू आणि मुलगी जिज्ञासा गावातच असतात.

गुन्हा माझा. सव्वीस वर्षं झाली. ऐकणाऱ्याला वाटतं जमिनीची भानगड असेल, बिल्डरचा माणूस असेल, कोणीतरी आयाबहिणींवरून बोललं असेल. तसलं काही नव्हतं. एका हळदीत बँजोवाल्यांनी कोणाच्या फर्माइशीचं गाणं आधी वाजवायचं यावरून भांडण झालं. मी प्यायलेलो होतो. शेजारच्या गावच्या एका पोराच्या तोंडावर मी सोड्याची बाटली फोडली. त्याचा डोळा गेला. सुटून आल्यावर मी त्याच्या दारात गेलो होतो. त्याने पाणी दिलं, बस म्हणाला नाही. बरोबरच केलं त्याने.

पुढे मी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं व्हॅन चालवली. एक ओरखडा नाही, एक दांडी नाही. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला. उल्हासनगरचे एक शेठ ओळखीचे, म्हणाले, बॅज आण आणि गाडीची चावी घे, महिनाअखेरपर्यंत थांबतो. एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरं कोण चावी देतंय?

म्हणजे बॅज मला हवा होता. खूप हवा होता. ते नाकारायचं कारण नाही.

घरी पोचलो तर मालिनी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. रिपोर्ट दाखवला, तशी ती हसली. माझ्या बायकोला सगळं माहीत होतं! पंधरा दिवसांपूर्वी हवालदार चौकशीला आला तेव्हा चहासुद्धा हिनेच केला होता. मी बदलापूरला गेलो होतो.

आमच्या गावची एक रीत आहे. सरकारी माणूस आला, की गाव आधी देवळापाशी जमतं, उत्तर ठरवतं, आणि मग म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळे तेच उत्तर देतात. जमिनीच्या मोजणीच्या काळापासूनची सवय. हवालदाराच्या वहीत 'चंदर रामा भोईर, तीन वर्षे' एवढीच नोंद होती. गावाने ठरवलं, तो खालच्या आळीचा.

"कोनाच्या टकुऱ्यातून निंगालं हे?" मी विचारलं.

"कोनाच्या का असंना. गाव तुमच्यासाठी खोटा बोलला, आनि तुमी गावाला खोटा पाडताव? सव्वीस वर्सा झाली! तुमाला काय आथा हुतात्मा व्हाचा हाय?"

"हुतात्मा नाय. पन तो माजा दोस्त होता."

"मंग दोस्ताच्या बायकोलाच विचारा जा," ती भाकरी उलटत म्हणाली. "तिनंच सही केली हाय."

हे मात्र मला ऐकवलं नाही. तसाच उठून खालच्या आळीत गेलो.

सखू ओट्यावर सुकट निवडत होती. मला बघून तिने पदर सारखा केला आणि सूप बाजूला सरकवलं. मी कागद पुढे केला. तिने बघितलासुद्धा नाही.

"भावजी, मेल्या मानसाला कसला बॅज लागतो? त्यांचा नाव तुमच्या कामाला आला, तं येऊ दे. ते गेले तवा माज्या घरावर पत्रे कोनी चढवलं? पोरीला तापात खांद्यावर दवाखान्यात कोनी नेली?"

"त्याची परतफेड अशी करतंस?"

"मना दुसरी काय येते?" असं म्हणून तिने पुन्हा सूप ओढून घेतलं.

घरात होतं नव्हतं ते तिने मला दिलं होतं. नवऱ्याचं नाव. मला तिचा राग आला आणि तिच्यापुढे वाकावंसंही वाटलं.

तेवढ्यात जिज्ञासा दारात आली. बारावीला आहे. एरवी मी आलो की 'काका, बसा' म्हणून पाणी आणते. आज चौकटीला टेकून उभीच राहिली.

"काका, खरं सांगाल? बाबांनी कुणाचा डोळा फोडला?"

सखूचा हात सुपातच थांबला. हवालदार सही घेत होता तेव्हा पोर आतून ऐकत असेल हे गावाच्या डोक्यात आलं नव्हतं, तिच्याही नाही. पंधरा दिवस पोर हे मनात घेऊन कॉलेजला जात होती.

"तुज्या बापानं नाय फोडला. मी फोडला."

"तुम्ही आता मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"अगं, खराच सांगतंय!"

"पोलिसांनी लिहून नेलंय ना? आईने सही केलीय. मी चार वर्षांची होते ओ, मला त्यांचं काहीच आठवत नाही. आता हे एवढंच माहीत आहे."

त्या माणसाबद्दल जगात एकच सरकारी कागद उरला होता, आणि त्यावर माझं पाप लिहिलेलं होतं. तोंडाने सांगून भागणार नव्हतं. लिहिलेलं होतं, ते लिहूनच खोडायला लागणार होतं.

"उद्या कॉलेजला जाव नको," मी म्हटलं. "माज्यासंग चल."

रात्री मालिनी भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी मात्र पत्र्याची पेटी तिनेच माळ्यावरून काढून दिली. त्यात वकिलाने परत दिलेली केसची सगळी कागदपत्रं होती. "घेवून जा. तुमच्यापुढं कोनाचा चाललंय?" म्हणाली.

पोलीस ठाण्यात जिज्ञासाला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. चौकशीला आलेल्याच हवालदार साहेबांनी माझं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"भोईर, लोक इथं नाव काढायला येतात. तुम्ही घालायला आलात?"

"माझंच आहे साहेब. दुसऱ्याच्या अंगावर कशाला?"

"मग मी काय लिहू? अख्खं गाव खोटं बोललं?"

"गावाची गफलत झाली असं लिहा. एका नावाचे दोघं होते, ते तर खरंच आहे."

"बॅज अडकेल तुमचा."

"अडकू दे. पण लिहायचं तर पूर्ण लिहा साहेब. शिक्षा झाली, ती भोगली, एक दिवस कमी नाही. त्यानंतर वीस वर्षं गाडी चालवली, कधी साधा दंडसुद्धा नाही. हे पण लिहा. तरी नाही म्हणाले तर अपील करेन. खोट्याने मिळालेला बॅज छातीवर लावून मी याच पोरीला स्टेशनला सोडू काय?"

आवाज चढला होता. बाकावरचे दोघंतिघं बघायला लागले. बघू देत. सव्वीस वर्षं मान खाली घालून ऐकलं होतं, आज वर करून बोललो. बरं वाटलं, खोटं का बोला.

"पण दोघंही चंदर रामा भोईर," हवालदार म्हणाले. "तुम्हीच आरोपी होतात, याला पुरावा काय?"

मी पेटी उघडली. पिवळे पडलेले कागद चाळून एक पान काढलं. हवालदारांनी वाचलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आरोपी चंदर रामा भोईर. आणि साक्षीदार क्रमांक तीनही चंदर रामा भोईर?"

"होय साहेब. तो टेम्पोवाला, खालच्या आळीचा. त्याने माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती."

जिज्ञासाने चमकून माझ्याकडे पाहिलं. हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. गाव सांगणारही नाही. तेव्हाही देवळापाशी उत्तर ठरलं होतं, की कोणी काही पाहिलं नाही. सगळ्या गावात हा एकटा ते उत्तर द्यायला नाही म्हणाला. वर्षभर त्याच्या टेम्पोला गावातून भाडं मिळालं नाही. आणि दर महिन्याला ठाण्याच्या जेलात मला भेटायला येणाराही तोच.

"जरा मोठ्याने वाचता का साहेब?" मी म्हटलं. "हिला ऐकायचंय."

हवालदारांनी घसा साफ केला. पोलिसांच्या त्या सपाट आवाजात ते वाचू लागले.

"'मी चंदर रामा भोईर, वय बावीस, धंदा टेम्पो चालवणे. शपथेवर सांगतो की, आरोपीने जखमीच्या तोंडावर बाटली मारली ती मी पाहिली. मी माझा सदरा काढून जखमीच्या डोळ्यास बांधला व त्यास माझ्या टेम्पोतून दवाखान्यात नेले. उलटतपासणी : आरोपी माझा लहानपणापासूनचा मित्र आहे हे खरे आहे. गावातील कोणीही साक्ष देण्यास आलेले नाही हे खरे आहे. माझे आरोपीशी वैर आहे म्हणून मी खोटे सांगत आहे, हे म्हणणे खरे नाही. तो मित्र नसता तरी मी हेच सांगितले असते.'"

हवालदारांनी पान खाली ठेवलं. जिज्ञासा खुर्चीवरून उठली, टेबलापाशी गेली आणि पानाच्या तळाला बोट लावून उभी राहिली. तिथे तिच्या बापाची सही होती. वाकडीतिकडी, सावकाश केलेली.

"परत एकदा वाचता?" तिने विचारलं.

त्यांनी परत वाचलं. या वेळी जरा सावकाश.

मग माझा जबाब लिहून झाला. मी सही केली. सगळे कागद गोळा करून पेटीत ठेवायला लागलो तर ते एक पान जिज्ञासाच्या हातातच होतं. तिने ते पुढे केलं, पण सोडलं नाही.

"तुम्हाला लागेल ना काका? अपील करायला?"

पोलीस ठाण्याच्या समोरच झेरॉक्सचं दुकान होतं. मी पान तिच्या हातून घेतलं, एक झेरॉक्स काढली आणि मूळ कागद तिला परत दिला.

"यो तू ठेव," मी म्हटलं. "अपिलाला झेरॉक्स चालते."