घरची भिंगरी आणि रिंगणातली भिंगरी

मित्रांनो, मी एक जुने खोगीर आहे. घोडा आणि माणूस यांच्या अगदी मधे माझी जागा. खालून घोड्याची पाठ काय म्हणते ते मला कळते आणि वरून माणसाचे मन काय म्हणते तेही कळते. माणसाचे मन त्याच्या मांड्यांत उतरते, हे तुम्हाला शाळेत कोणी शिकवले नसेल. ‘खोगीरभरती’ म्हणून तुम्ही माझ्या नावाने फालतू गोष्टींना हिणवता, त्याचा मला राग नाही. माझ्यात काय भरले आहे ते मला ठाऊक आहे.

बारामतीत गेणबा नावाच्या कारागिराने मला घडवले. लाकडी साचा, त्यावर लोकरीचा जाड नमदा, त्यावर कमावलेले चामडे आणि दुहेरी टाके. काम झाल्यावर गेणबाने माझ्यावर मूठ आपटून पाहिली आणि मला न्यायला आलेल्या बाजीरावांना म्हणाला, “माझ्या माघारी बी टिकंल हे.” त्याचे म्हणणे खरे झाले.

बाजीराव सणसरचे. फौजेत खेचरांच्या तुकडीत नोकरी करून ते गावी परतले होते आणि ऊस लावत होते. घरी त्यांची मुलगी ज्योत्स्ना. ती जवळच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आणि दावणीला भिंगरी. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून ट्रकात घालून आणलेली, लालसर रंगाची, अंगाने लहानखुरी घोडी.

भिंगरीची रवाल चाल मी काय वर्णावी! रवाल म्हणजे घोड्याची अशी भरभर चाल की खाली पाय पळतात आणि वर पाठ हलत नाही. सकाळी कालव्याच्या रस्त्याने आम्ही निघालो की बाजीराव तळहातावर पाण्याने भरलेला तांब्या घेत. शेवटच्या वळणापर्यंत त्यातला थेंब सांडत नसे. उसाच्या गाडीवरची माणसे बैल थांबवून पाहत. मी त्या पाठीवर पाळण्यात निजल्यासारखे बसलेले असे. आमच्या तिघांइतके तालात चालणारे त्या टापूत दुसरे कोणी नव्हते. हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

म्हणून १९९४ साली बावड्याला रवाल चालीची स्पर्धा ठेवली, तेव्हा आमचा नंबर ठरलेलाच, असे सगळ्या सणसरने धरले होते. नियम सोपा होता. रिंगणाला फेऱ्या मारायच्या आणि ज्या घोड्याची चाल मोडेल तो बाद; उरलेल्यांचे नंबर पंच लावणार.

त्या दिवशी पहाटेपासूनच सगळे वेगळे होते. भिंगरीला घासून चमकवले. बाजीरावांनी नवा कोट आणि फेटा चढवला. मग त्यांनी माझा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा, रोजच्यापेक्षा करकचून आवळला. बावड्यात भिंगरी परक्या हौदाला तोंड लावीना. लाऊडस्पीकरचा कर्णा किंचाळत होता. तरी मी निर्धास्त होते. बाजीराव वर बसले आणि मी चरकले. हे आमचे बाजीराव नव्हतेच. मांड्या दगडासारख्या, श्वास अडकलेला, लगाम गच्च. माझ्याखाली भिंगरीची पाठ कमानीसारखी ताठ झाली. पहिल्याच फेरीत तिने चाल मोडली, उडी मारली आणि रिंगणाची दोरी ओलांडून थेट रसवंतीच्या मांडवात शिरली.

लोक पोट धरून हसले.

शेळगावचे संभाजी तिथेच होते. त्यांचा काळा घोडा ‘सरदार’ पहिला आला. गंमत अशी, की हा सरदार घरी बाभळीखाली पोत्यासारखा उभा असे. टोचले तरी हलत नसे. पण हलगी वाजली, माणसे जमली, की त्याची मान वर होई आणि तो पिसारा फुलवलेल्या मोरासारखा नाचू लागे. बघणारे असले तरच त्याच्या अंगात येई. आमच्या भिंगरीचे उलटे.

संभाजी बाजीरावांना म्हणाले, “घोडी देखणी हाय, पण रिंगणाच्या कामाची न्हाय. माझ्याकडं द्या. पैदाशीला ठिवीन.”

बाजीराव खाली मान घालून म्हणाले, “उसाला तोड आली की घिऊन जावा.”

मित्रांनो, मला जीभ असती तर मी तिथेच ओरडले असते. पण आम्ही वस्तू. आम्हाला सगळे कळते आणि काही बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्ना गोठ्यात आली. बाजीराव मला पुसत बसले होते.

“आबा, घोडी इकणार म्हणं?”

“ऐनवेळी दगा दिला तिनं. घरी एक, चारचौघांत एक.”

“तिनं का तुमी?” ज्योत्स्ना समोर बसली. “आमच्या दवाखान्यात माणसं येत्यात. पट्टा बांधला की बीपी वर. त्याच माणसाच्या घरी जाऊन बघितलं तर बरोब्बर. रोग नसतोय, दवाखाना असतोय. काल मी दोरीपाशी हुते. तुमचं तोंड मी बघितलंय.”

बाजीरावांचा हात माझ्यावर थांबला. त्यांनी फडके बाजूला ठेवले. मग हळू आवाजात म्हणाले, “माझ्या बापानं, कुंडलिकानं, उभी हयात पाटलाच्या घोड्यांचं केलं. लीद काढली, खरारा केला, आजारी घोड्यापाशी जागला. पाठीवर मातूर कधी बसला न्हाय. बसू देत नव्हते. फौजेत मी बसलो, कालव्यावर रोज बसतो. तितं कोण बघतंय? रिंगणात उतरलो की वाटतं, समद्यांची नजर माझ्याच बुडावर हाय. आता कोणतरी म्हणंल, उतर खाली.”

ज्योत्स्नाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

“ते तुमाला ठावं हाय, आबा. भिंगरीला कसं कळावं? तुमी वर बसून असं आवळून धरलं, की तिला वाटतं तुमाला लांडगा दिसला. मग ती पळणारच की.”

माझ्या मनातले बोलली पोरगी! शिकारी जनावर दिसले की कळपातला घोडा असाच ताठरतो आणि बाकीचे पळ काढतात. भिंगरीचा कळप म्हणजे बाजीराव.

“माघी पुनवेला बारामतीला स्पर्धा हाय,” ज्योत्स्ना म्हणाली. “तेवढी हुं द्या. तितं बी न्हाय जमलं, तर द्या संभाजीरावांस्नी.”

त्या दिवसापासून आमचा रस्ता बदलला. कालवा सुटला. बाजाराच्या दिवशी आम्ही इंदापुरात जाऊ लागलो, तोही कोट आणि फेटा घालून. कारखान्याच्या फाटकाशी ट्रकांच्या भोंग्यांत उभे राहू लागलो. पहिल्या खेपेला बाजीराव माझ्यावर असे बसले होते, जणू काटेरी कुंपणावर बसलेत. भिंगरी चार पावले सरळ टाकीना. पण ज्योत्स्नाने घरचेच पाणी कॅनमधून आणले होते, घरचाच कडबा होता आणि तंग रोजच्या भोकात होता. ताईबाई नावाच्या भाजीवाल्या म्हातारीने मेथीच्या पेंढ्या रचता रचता वर पाहिले.

“बाजीराव, झोकात बसलाय की,” ती म्हणाली. “जरा कडंनं घ्या, माझी मेथी तुडवाल.”

बाजीरावांना हसू आले. त्या हसण्याने त्यांच्या मांड्या सैल झाल्या आणि त्याच क्षणी माझ्याखालची पाठ मऊ पडली. एवढेच गुपित होते. मग बाजारामागून बाजार आम्ही लोकांच्या नजरेत हिंडलो. लोक भिंगरीला बुजले नाहीत, भिंगरी लोकांना बुजली नाही. शिकत होते ते बाजीराव.

माघी पौर्णिमेला बारामतीचे मैदान फुलून गेले होते. सरदार आधीच मान उडवत होता. आमची पाळी आली. पहिली फेरी सुरेख झाली. दुसऱ्या फेरीत कर्ण्यातून असा काही चीत्कार निघाला, की भिंगरीचे कान टवकारले. वरून मांड्या आवळल्या गेल्या. खाली पाठ ताठली. बावड्याची रसवंती माझ्या डोळ्यांपुढे आली.

तेवढ्यात बाजीराव गाऊ लागले. त्यांची आई जात्यावर म्हणायची ते भीमगीत. कालव्यावर ते नुसते गुणगुणत असत. इथे कर्ण्यापुढे गुणगुणणे कोणाला ऐकू जाणार? म्हणून त्यांनी सरळ आवाज चढवला. सगळे रिंगण त्यांच्याकडे पाहू लागले. पाहू देत! गाणाऱ्या माणसाला श्वास कोंडून धरता येत नाही आणि श्वास सुटला की मांड्या सुटतात. भिंगरीचे कान मागे वळले, गाण्याकडे. लांडगा नाही, तिला कळले. मग ती अशी चालली, की मला मी हलतेय हेच कळेना.

सरदार पहिला आला. गर्दीत तो राजाच होता, ते मी कबूल करते. भिंगरी दुसरी आली. बक्षीस घेताना निवेदकाने विचारले, “नाव सांगा.”

“बाजीराव कुंडलिक, सणसर.”

निवेदकाने ते कर्ण्यातून म्हटले. बाजीराव त्याला म्हणाले, “बापाचं नाव परत एकदा घ्या. नीट ऐकू आलं न्हाय.” निवेदकाने पुन्हा म्हटले. कुंडलिक. आवाज मैदानाच्या पार टोकाला गेला. बाजीराव माझ्यावर बसूनच ते ऐकत होते, मान वर करून.

संभाजी जवळ आले. “आता न्हाय द्यायची म्हणा घोडी.”

“न्हाय,” बाजीराव म्हणाले.

“मी बी दिली नसती,” संभाजी म्हणाले आणि त्यांनी भिंगरीच्या कपाळावर थोपटले.

मित्रांनो, आज भिंगरी नाही, बाजीरावही नाहीत. मी ज्योत्स्नाच्या घरी आहे. माझे चामडे सुकू नये म्हणून ती मला तेल लावते. तुमच्या घरीही एखादे जुने खोगीर, जुना पट्टा असेल, तर त्याला धुळीत टाकू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि एखादे जनावर, किंवा तुमचा धाकटा भाऊसुद्धा, घरी हुशार आणि चारचौघांत गोंधळलेला दिसला, तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याच्या पाठीवर हात ठेवा. पण त्याआधी, तुमचा हात थरथरत नाही ना, तेवढे बघा.