मालक, बूट काढा!

मी गोलचा खांब बोलतोय. साखऱ्याच्या बाहेर, गाव आणि बंजाऱ्यांचा तांडा यांच्या मधोमध गायरान आहे. तिथल्या पूर्वेकडच्या गोलला उजव्या हाताला उभा आहे, तो मी. डाव्या हाताचा माझा जोडीदार तांड्यातून आलेला सागाचा सरळ वासा. तो काही बोलत नाही, शहाणा आहे. मी बाभळीचा. वाकडा, गाठीगाठींचा आणि तोंडाळ. आज डोकं तापलेलं आहे, तेव्हा जरा लांब उभे राहून ऐका.

माझा जन्म दगडोबांच्या बांधावरचा. दगडोबा म्हणजे मेंढरं राखणारा, हातभर मिशांचा म्हातारा. त्यांनी मला तासून घेतलं आणि खळ्याच्या मध्ये मेढ म्हणून रोवलं. माझ्याभोवती बैल फिरायचे, पायाखाली ज्वारीची कणसं तुडवायचे. मी त्यांची दावी गाठीत अडकवून गंमत बघायचो. एकदा पाहुण्या आलेल्या जावयाचं धोतरही अडकवलं होतं. पुढचं सांगत नाही, जावई अजून हयात आहे.

मग मळणीचं यंत्र आलं आणि माझं काम गेलं. मला शाळेच्या ओसरीला टेकू म्हणून लावलं. चौथीपर्यंतचं शिक्षण मी उभ्यानंच घेतलं. सत्तावीसचा पाढा आला की मास्तर रजेवर जायचे, म्हणून तेवढा कच्चा राहिला. पुढं शाळेला स्लॅब पडला आणि मला मुतारीमागं फेकलं. त्या दिवसांबद्दल मला विचारू नका.

तिथून मला उचललं जगननं. जगन तांड्यातला. त्याचा फौजी मामा सुट्टीवर येताना चेंडू घेऊन आला, आणि गावातल्या, तांड्यातल्या पोरांना त्या चेंडूचं वेड लागलं. पोरांनीच खड्डे खणले, आम्हाला रोवलं, दगडधोंडे वेचले. झाला गायरान क्लब. जगन गोल राखायचा. दगडोबांचा नातू राम पुढं खेळायचा.

खेळणारे थोडे, ओरडणारे सगळे. गावची माणसं कडुलिंबाखाली बसायची, त्यांचे म्होरके दगडोबा. तांड्याची माणसं समोरच्या चढावर, त्यांचे म्होरके रतनसिंग नाईक. दोघांची तोंडं एकसारखी फाटकी.

"ओ नाईक, तुमचं पोरगं गोल राखून राहिलं का बकऱ्या?"

"बकऱ्या तुमच्या, दगडोबा! तुमच्या रामला चेंडू दिसंना, त्याला बी चारायला न्या!"

पण गोल झाला की दोन्हीकडचे एकदम उडायचे. दगडोबांच्या नर्मदाबाई आणि नाईकांच्या बेबीबाई माझ्या मागं बसून एकाच फडक्यातल्या शेंगा खायच्या. टरफलं माझ्या अंगावर. मी खपवून घेत होतो.

मग मालक उगवले. गावातले खताचे दुकानदार हनुमानराव आणि तांड्यातले मुकादम प्रेमदास. दोघांनी मिळून जर्सी दिल्या, बूट दिले. दोघांचे फोटो चेंडूपेक्षा मोठे छापून आले. तोवर ठीक होतं. पण पंचायत समितीच्या तिकिटावरून दोघांचं फाटलं, आणि एका सकाळी दोघंही म्हणू लागले, क्लब माझा. कोर्टात गेले. अरे, तुमचा? मला रोवताना तुमच्यापैकी एकाच्या तरी नखात माती गेली होती का?

कोर्टात भांडले असते तर मी हसलो असतो. हे लिंबाखाली आणि चढावर भांडण घेऊन आले. हनुमानराव लिंबाखाली सांगायचे, "क्लब गावाचा हाय, तांडेवाले पळवून राहिले." प्रेमदास चढावर सांगायचे, "पोरं तांड्याची, नाव गावाचं, असं किती दिवस?"

आणि माझा खरा राग इथं आहे. त्या दोघांवर कमी, ऐकणाऱ्यांवर जास्त! एवढी वर्षं एका चेंडूमागं मान फिरवणारी माणसं, आणि दोन पांढऱ्या शर्टांनी ती अशी फाडली. एकमेकांच्या दारचा चहा बंद झाला. जगननं अंग झोकून चेंडू अडवला तर लिंबाखाली एक टाळी पडली नाही. रामनं गोल केला तर चढावरचे तंबाखू मळत बसले. नर्मदाबाई तिकडं, बेबीबाई इकडं, शेंगा दोघींनाही गोड लागेनात. शेवटी सरावच बंद पडला. माझ्या अंगावर वाळवी चढली तरी कोणी बघेना.

त्यातच हळद पिकवणाऱ्या कुरुंदा गावाशी सामना आला. रविवारी आमच्याच मैदानावर. खेळला नाही तर क्लबचं नाव जिल्ह्याच्या स्पर्धेतून कायमचं कटणार होतं.

गुरुवारी गायरानावर एक जेसीबी आला. मागून एक जीप. जीपमधून हनुमानराव उतरले. त्याच जीपमधून प्रेमदास उतरले. दोघांचं एका गोष्टीवर जमलं होतं. निकाल लागेपर्यंत क्लब कोणालाच मिळू द्यायचा नाही, म्हणून आम्हा खांबांना उपटून न्यायचं. चुलीत घालणार होते मला. मला!

दगडोबा मेंढरं घेऊन तिथंच होते. जेसीबीचा आवाज ऐकून नाईकही आले. दोघं जरा अंतर राखून जीपकडं बघत राहिले. बऱ्याच महिन्यांनी दगडोबा नाईकांशी बोलले.

"नाईक, हे दोघं एकाच जीपमधून उतरले का मलाच भलतं दिसून राहिलं?"

"बराबर दिसून राहिलं तुमाला. पाण्याची बाटली बी एकच हाय दोघांत."

"अन् आमी चहा बंद केला."

"गाढवं आपुन, दगडोबा."

"तुमी आधी."

"बरं, मी आधी. पण तुमी लई मागं न्हाई."

मग दगडोबांनी वहाणा काढल्या, लांब फेकल्या आणि गावाकडं तोंड करून बोंब मारली, "ए नर्मदा! जवारी आण! पाटीभर! हळद-कुंकू बी आण!"

नर्मदाबाई धावत आल्या. दगडोबांनी मला हळद-कुंकू लावलं आणि माझ्या मागच्या बाजूला ज्वारी ओतली. "खळं लागलं!" असं ओरडले. बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं मेढीपाशी धान्याची रास पडली की ती उचलेपर्यंत मेढ हलवत नाहीत. आणि खळ्यात पायताण घालून कोणी पाऊल टाकत नाही, मग तो कलेक्टर का असेना.

बेबीबाईंनी तांड्यातून पाटी आणून त्याच राशीत ओतली. मग लिंबाखालचे आले, चढावरचे आले. कोणी सूपभर, कोणी ओंजळभर. मैदानाच्या कडेला चपलांचा ढीग पडला.

जेसीबीवर किसनसिंग नावाचा माणूस होता, लांबच्या तांड्यातला. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरून आपली चप्पल काढली आणि हात जोडले. "साहेब, रास पडली हाय. लहानपणी मेढीला लाथ लागली म्हणून बापानं मला सोलून काढलं व्हतं. माझ्यानं न्हाई व्हणार."

"अरे, हे फुटबॉलचं ग्राउंड आहे!" हनुमानराव किंचाळले.

"व्हय का?" नर्मदाबाई म्हणाल्या. "मंग ये की बूट घालून. तुझ्या मायनं खळ्याबाहेर तुझं थोबाड रंगवलेलं मी पाहिलंय, हनुमान. पुन्हा रंगवायला आमी हाव."

प्रेमदास बेबीबाईंकडं वळले. "याडी, तू तरी समजून घे."

"याडी म्हणू नको मला! आईला कोणी सांगतं का, शेजारणीशी बोलू नको म्हणून? काढ बूट, मंग बोल."

प्रेमदास वाकले. एक बूट काढला. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. बायका अशा हसल्या की मेंढरं बिथरली. त्यांनी बूट परत चढवला.

हनुमानरावांनी शेवटचा डाव टाकला. "गाववाल्यांनो, आपापली जवारी उचला आन् घरी चला!"

दगडोबांनी राशीकडं बोट केलं. "दे निवडून. माझी कोणती, नाईकाची कोणती?"

माणसं हसत होती, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. एकेक पाऊल पुढं सरकत होती. ते मालकांनाही दिसलं. जीप आली त्यापेक्षा जोरात गेली. किसनसिंग मात्र थांबला. त्याला नाईकांच्या घरी चहा झाला, मग दगडोबांच्या घरी.

रविवारी जर्सी हनुमानरावांच्या गोदामात कुलपात. बायकांनी रात्रीतून पोरांच्या बनियनी हळदीत बुडवून काढल्या. कुरुंद्याची पोरं पोट धरून हसली, "आमच्याच शेतातून निघून आल्यावानी दिसून राहिले!" हसले, पण खेळले जीव तोडून. त्यांनी एक गोल चढवला. मग जगननं एकही आत जाऊ दिला नाही, आणि जगनच्या नावानं ओरडून ओरडून लिंबाखालच्यांचा घसा बसला.

अगदी शेवटी रामला चेंडू मिळाला. समोर मी असलेला गोल, गोलकीपर आडवा पडलेला. रामनं मारला. बरोबरी झाल्यातच जमा होती. चेंडू माझ्या गाठीला लागला आणि बाहेर गेला.

खोडीची सवय आहे मला, पण ही खोडी माझी नव्हती. कोणाला सांगू? सामना गेला, आणि सगळं गायरान माझ्यावर तुटून पडलं. गावातली शिवी तांडा देत होता, तांड्यातली शिवी गाव देत होतं. नाईकांनी लाथ घातली. दगडोबांनी त्याच जागी दुसरी घातली. खळ्याचा मान, मेढीची पूजा, कोणाला काही आठवलं नाही. इतका मार मी शाळेतही पाहिला नव्हता. आणि खरं सांगू? इतकं बरंही मला कधी वाटलं नव्हतं.

कोर्टाची तारीख अजून पडतेच आहे. मालक आता वेगवेगळ्या जीपनं जातात. रास कोणी उचलली नाही. पाखरं खातात, बकऱ्या तोंड घालतात, की कोणीतरी येऊन ओंजळभर ओतून जातं. सामन्याला माणसं आता जागा मिळेल तिथं बसतात आणि शेजाऱ्याशी भांडतात. वाळवी मात्र मला अजून खातेच आहे. कोणीतरी रॉकेल लावा रे, एवढं एकच मागणं आहे.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर जरूर या. मला लाथ मारायची असेल तर मारा, रांगेत उभे राहा. फक्त हा क्लब कोणाचा, असं तेवढं विचारू नका. उत्तर द्यायला सगळं गायरान एकदम उठतं, आणि त्यातला एकही माणूस सभ्य भाषेत बोलत नाही.