सोडलेला मायनर

“हा मायनर सोडू नको. उद्या तुझ्याच घरात कुणीतरी हाच शिकेल आणि तू चहा देत बसशील,” कॉलेजात मैत्रीण मनीषा मला म्हणाली होती. पर्यावरणीय अर्थशास्त्र आणि शाश्वत विकास, एवढं लांबलचक नाव त्या दुय्यम विषयाचं. मी हसण्यावारी नेलं. लग्न ठरलेलं, म्हणून सोपा विषय घेतला.

आता माझी नणंद ज्योत्स्ना तोच मायनर शिकते, आणि चहा मी देते.

जेवताना ती सांगते, जंगलातून फुकट मिळतं त्याचीही किंमत धरायला हवी. सासरे कौतुकानं मान डोलावतात. हेच मी म्हटलं असतं, तर भाजीत मीठ कमी निघालं असतं. आठ महिन्यांची माझी लेक, तीसुद्धा आत्याच्याच मांडीवर गप्प राहते.

काल सकाळी ज्योत्स्ना प्रोजेक्टसाठी जंगलालगतच्या डोईफोडिया गावाला निघाली. बायका जंगलातून काय आणतात, त्यात किती वेळ जातो, ते घरोघर विचारायचं होतं. माझं माहेर नेपानगरचं. तिथं मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका लहानपणापासून पाहिलेल्या.

“मोहाचे दिवस आहेत, सकाळी घरी कुणी सापडायचं नाही,” मी म्हटलं.

“भाभी, तुमचा तर मायनर छूट गया ना!” ती हसली. हेही बहिणीबरोबर हसले.

संध्याकाळी तिचा फोन. “भाभी, सही बोलल्या तुम्ही. दिवसभर गाव रिकामं होतं. आता एका मावशीकडे थांबते, पहाटे त्यांच्यासोबत मोह वेचायला जाते.”

बरी जिरली, असं वाटलं. मग हेवा वाटला. पहाटेचं जंगल तिला, आणि ओली दुपटी मला.

आज खोली झाडताना खिडकीत तिचा दम्याचा पंप दिसला. मोहाची फुलं स्वच्छ जागी पडावीत म्हणून बायका झाडाखालचा पाला जाळतात. तो धूर! फोन लावतेय, लागत नाही. हे पंप घेऊन मोटरसायकलनं आत्ताच निघालेत, पण पोचायला वेळ आहे.

तुम्ही डोईफोडियाच्या बाजूला असाल तर जरा बघून या. निळी ओढणी, चष्मा. वाद घालत असेल तर बरी आहे, घालू द्या. पण गप्प बसलेली दिसली, तर आधी तिला धुरातून बाहेर काढा.