समुद्राकाठच्या मैदानावर गेलेली ट्रॉली

मित्रांनो, अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या एका गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी मी दुमडून उभी असते. मी गोल्फची पिशवी वाहणारी तीन चाकांची जुनी ट्रॉली आहे.

डॉक्टर पुरुषोत्तमकाकांनी मला नवी कोरी घरी आणली. दर शनिवारी ते मला ढकलत हिरवळीवर न्यायचे. नीलांबरीकाकू कधी आल्या नाहीत. "एका बॉलमागे एवढं काय चालायचं!" असं म्हणून त्या हसायच्या.

पुढे काकांची नजर अधू होत गेली. समोरचं सगळं धूसर दिसायचं. बॉल झाडीत गेला तरी मित्र म्हणायचे, "नाइस शॉट!" काकांना ते कळायचं आणि लागायचं. एके दिवशी त्यांनी मला दुमडून भिंतीशी ठेवलं. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली.

जपानमध्ये तोत्तोरीकडे, समुद्राकाठच्या मैदानावर एकदा खेळायचं, ही काकांची जुनी इच्छा होती. ती काकूंना ठाऊक होती. त्यांनी काकांना तिथे न्यायचं ठरवलं.

"आई, इट्स टू फार!" लेक आन्या म्हणाली. "गोल्फच खेळायचं तर ॲरिझोनाला जा ना."

"तिकिटं बुक केलीत. आता कॅन्सल करणार नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं.

टोकियोहून आणखी एक विमान, मग छोटी आगगाडी. स्टेशनवर उतरलो तर गोल्फ क्लबची बस नाही! ती आधी कळवलं तरच येते, हे आम्हांला कुठे माहीत? टॅक्सीही दिसेना. काका बाकावर बसले. "नीला, परत जाऊ या," ते हळूच म्हणाले. काकू तिकीटखिडकीपाशी गेल्या आणि खुणांनी, फोनवरच्या भाषांतरानं बोलत राहिल्या. तिथल्या बाईंनी क्लबला फोन लावला. थोड्या वेळानं क्लबचे म्हातारे मॅनेजर स्वतः गाडी घेऊन आले आणि कमरेत वाकून त्यांनी मलाही आत ठेवलं.

मैदानावर वारा भणाणत होता. काकांनी बॉल मारला.

"कुठे गेला?"

काकूंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "समुद्रात गेला हो."

काका इतके हसले, की त्यांना माझा दांडा धरावा लागला. "किती दिवसांनी कुणीतरी खरं सांगितलं! दे, दुसरा बॉल दे."

त्या दिवशी बरेच बॉल हरवले. संध्याकाळी काकूंनीही एक मारून पाहिला. तो जेमतेम चार पावलं गेला. काका कान देऊन म्हणाले, "इथेच पडला ना?"

आता मिनेसोटात उन्हाळा आहे. शनिवारी काका माझा दांडा धरून चालतात आणि काकू बॉल कुठे गेला ते सांगतात. मित्रांनो, माझी चाकं हल्ली कुरकुरतात. कुणी गॅरेजमध्ये आलात, तर दोन थेंब तेल घाला. या दोघांना अजून खूप चालायचं आहे.