वाणाचा डबा

नम्रताचा अभ्यास होता नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांवर, आणि गुप्ततेच्या बाबतीत तिला नावं ठेवायला जागा नव्हती. नावांऐवजी आकडे, रेकॉर्डिंगला कुलूप, नवरा कामावर गेल्यावरच मुलाखत. कसबा पेठेतल्या त्या गल्लीत कुणी विचारलंच तर सांगायचं, बायकांच्या आरोग्याची पाहणी चालू आहे. संस्थेच्या नीतिसमितीनं तिची पाठ थोपटली होती. पाठ थोपटायला काय जातं!

हिरा सगळ्यांत उशिरा तयार झाली. मनगटावरचा डाग पदराखाली ढकलत म्हणाली, "ताई, माझं नाव नाही ना येणार? ह्यांना कळलं तर जिवंत नाही ठेवायचे मला."

"अहो, नाव काय, तुमची सावलीसुद्धा बाहेर जाणार नाही."

मग हिरा बोलली. गल्लीभर ती सांगायची, सासवडला माझा भाऊ आहे, मोठं घर आहे. खरं म्हणजे त्या भावानं कधीच तिच्या तोंडावर दार लावलं होतं. हे फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला, दिग्विजयला, ठाऊक होतं. आता नम्रताला. "पळून जायचं तर कुठं जाऊ, तुम्हीच सांगा," म्हणून हिरा हमसून हमसून रडली.

संक्रांत आली. बायकांनी एवढं पोटातलं सांगितलं, आपण रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून नम्रतानं मुलाखत दिलेल्या प्रत्येकीला वाण दिलं. हिरव्या झाकणाचा डबा, आत तिळगूळ. मोठ्या हौसेनं, सगळे एकाच दुकानातून, एकाच रंगाचे. कुणाच्या घरात काय चालतं ते गल्लीला माहीत असतंच, आणि नेमक्या त्याच घरांच्या फळीवर हिरवी झाकणं दिसू लागली. समितीच्या एवढ्या प्रश्नांत वाणाचा प्रश्न नव्हता, आणि या शहाणीलाही तो सुचला नाही.

आठवड्याभरात, भर दुपारी, दिग्विजय संस्थेच्या कोथरूडच्या ऑफिसात हजर. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. त्यानं डबा टेबलावर ठेवला.

"नमस्कार मॅडम. मी हिराचा नवरा. परत करायला आलो. रिकामा कसा द्यायचा, म्हणून साखर घातलीय."

"अहो, वाण कुणी परत करतं का?"

"आरोग्याची पाहणी ना आपली? छान. आमच्या आईचे गुडघे गेलेत, तिला नाही कुणी विचारलं. डबे मात्र बरोबर त्याच घरांत, जिथून भांडणाचे आवाज येतात." तो हसला. "योगायोग असेल."

नम्रतानं विचारलं, "हिराताई कशा आहेत?"

"सासवडला सोडून आलो सकाळी, भावाकडे. आता राहील तिकडंच. कायमची."

ते दार तर बंद होतं. मग हिरा गेली कुठं? काय केलं या माणसानं तिचं?

"पण भावानं तर त्यांना घरात..." नम्रतानं जीभ चावली.

"घरात काय, मॅडम?" दिग्विजयनं विचारलं. मग मान डोलावली. "गल्लीत हे कुणालाच माहीत नाही हो. आपल्याला बरं माहीत."

तो उठला. "साखर खा," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

नम्रता खिडकीकडे धावली. खाली झाडाखाली स्कूटर उभी होती, आणि तिच्या मागच्या सीटवर हिरा बसली होती. कुठल्या सासवडला नि काय! ती वरच पाहत होती. डबा परत केला, विषय मिटला, असंच तिला वाटलं असावं. तिनं नम्रताला पाहून हसून हात हलवला.

"हिराताई, उतरा! बसू नका!" नम्रता जिवाच्या आकांतानं ओरडली. दिग्विजयनं सुरू केलेल्या स्कूटरच्या आवाजात ते खाली पोचलंच नाही. हिरानं नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्कूटर रहदारीत शिरली.

नम्रतानं पोलिसांना फोन लावला.

"बाईचं नाव सांगा," पलीकडून आवाज आला.

तिनं सांगितलं. पत्त्यासकट सांगितलं.