उरलेला वेळ

मित्रांनो, विमानात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर सिनेमे दाखवणारा जो चौकोनी पडदा असतो ना, तोच मी. आता जुना झालो आहे. कारखान्यात एका बाईंनी बोटाने हलकेच दाबून मला पास केले, तेवढाच काय तो मायेचा स्पर्श. नवा होतो तेव्हा मुले माझ्यासाठी भांडायची. आता माझा एक कोपरा चालत नाही, म्हणून लोक मला ठोसे मारतात आणि पुढच्या खुर्चीतला माणूस मागे वळून डोळे वटारतो.

सिनेमे हल्ली सगळ्यांच्या फोनमध्येच असतात. नकाशा मात्र अजून माझ्यावरच बघतात. त्यावर एक चिमुकले विमान, राहिलेले अंतर आणि राहिलेला वेळ. दोन विमानतळांमधले अंतर काही बदलत नाही, पण वारा समोरून आला की वेळ वाढतो. त्याला मी काय करणार?

एकदा माझ्यासमोर एक दादा बसला होता आणि शेजारी त्याची धाकटी बहीण. दूरदेशी आई फार आजारी होती, तिच्याकडे दोघे निघाली होती. विमान सुटायच्या आधी बहीण पाणी आणायला मागे गेली आणि तेवढ्यात दादाचा फोन वाजला.

"हो, मामा," तो म्हणाला. मग फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिला. "नाही, तिला आत्ता नको. दहा तास इथे कोंडून बसायचंय तिला. उतरल्यावर मीच सांगतो."

फोन बंद करून त्याने घाईघाईने डोळे पुसले. मला कळायचे ते कळले.

बहिणीच्या समोरचा पडदा केव्हाचा बंद पडलेला, त्यामुळे ती सारखी माझ्याकडे वाकायची. तिच्या मांडीवर आईचा चष्मा होता. मागच्या खेपेला आई तो विसरून गेली होती, आणि हिने त्याची मोडकी दांडी दुरुस्त करून घेतली होती. वाटेत समोरून जोराचा वारा लागला आणि माझ्यावरचा वेळ अर्ध्या तासाने वाढला. ती कासावीस झाली. दादाला मात्र जरा हायसे वाटलेले दिसले. तो मधूनच सिनेमा लावायचा, ती पुन्हा नकाशा लावायची. मला फार वाईट वाटत होते. कोपराच काय, सगळाच बंद पडलो तर बरे, असे वाटून गेले.

शेवटी खाली रस्ते दिसू लागले. तिने रुमालाने चष्मा पुसला.

"दादा, सामानासाठी थांबायचं नाही हं. आधी मी तिला चष्मा लावते, मग तू समोर ये. नाहीतर ओळखायची नाही तुला."

दादाने माझ्यावर तळहात ठेवला आणि नकाशा झाकला.

"आता घाई नको गं," तो म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग चष्मा रुमालात गुंडाळून ठेवला. विमान टेकले, लोक उठून सामान काढू लागले, पण ती दोघे बसूनच राहिली. मागाहून सफाईवाल्या मावशींनी माझी काच पुसली, तेव्हा दादाच्या हाताचा ठसाही गेला.

मित्रांनो, मला जरा हळू दाबत जा. आणि तुमचे कुणी लांब राहत असेल, तर ते धडधाकट आहे तोवरच भेटून या. माझ्यावर दिसतो तो वेळ फक्त विमान पोहोचायचा असतो.