सातनं भाग जाणाऱ्या अळ्या

आमच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी अळ्या असतात. मेलेल्या असतात, झाकणबंद बाटल्यांत असतात, प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी असते. तरी चहासाठी दूध काढायला दार उघडलं की मी नजर फिरवून चाचपडतच पिशवी उचलते. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण शिसारी काही कमी झाली नाही. माझा नवरा डासांचा डॉक्टर आहे. हिवताप पसरवणारे डास अळीतच कसे मारावेत, यावर त्याचं संशोधन चालतं. प्रयोगशाळेत पाळलेल्या माद्यांना रक्त लागतं म्हणून तो आठवड्यातून दोनदा जाळीच्या पेटीत स्वतःचा हात घालून बसतो आणि मोकळ्या हातानं वर्तमानपत्र वाचतो. मग घरी येऊन तोच गांध्या उठलेला हात माझ्या खांद्यावर ठेवतो.

माझं काम स्वच्छ. मी संख्यांवर संशोधन करते. पूर्णांक, त्यांचे अवयव, मूळ संख्या, एवढंच माझं जग. त्यातून आजवर कुणाचा ताप उतरलेला नाही, हे नवरा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि पाहुणे न चुकता हसतात. या कामानं मला एक खोड मात्र लावली आहे. कुठलीही संख्या दिसली की मनातल्या मनात तिचे अवयव पडतात. दवाखान्यातलं टोकन असो, बसच्या पाठीवरचा नंबर असो, सुटका नाही. काही लोक नखं कुरतडतात, मी संख्या कुरतडते.

यंदा विद्यापीठानं माझा विभाग बंद करायचं ठरवलं. विभाग म्हणजे मी आणि दोन विद्यार्थी. दुःख विभागाचं नव्हतं, खोलीचं होतं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दोन भिंतींना खडूचे फळे आणि उत्तरेकडे मोठी खिडकी. बावीस वर्षं मी तिथे बसून विचार केला आहे, आणि दुसरीकडे कुठे मला विचार सुचत नाही. ती खोली वाचण्याची एकच वाट होती. नवऱ्याच्या अळीनाशक पावडरीला मंजुरी मिळाली, तर गणित आणि रोगप्रतिबंध यांचं एक संयुक्त केंद्र निघणार होतं, त्याच इमारतीत, माझ्या खोलीसकट. मंजुरीसाठी अहवालावर एका गणितज्ञाची सही हवी होती. ‘आकडे तपासले, बरोबर आहेत.’

"फक्त सही करायची आहे," नवरा म्हणाला. "तू वाचलंस तरी चालेल, नाही वाचलंस तरी चालेल."

मी वाचलं. कालव्याकाठच्या वस्तीतल्या शहाण्णव टाक्या निवडल्या होत्या. प्रत्येक टाकीतलं ठरावीक पाणी काढून त्यातल्या अळ्या मोजायच्या, मग पावडर टाकायची, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायच्या. डावीकडे आधीचे आकडे, उजवीकडे नंतरचे. शेवटच्या पानावर निष्कर्ष होता, की पावडरीनं अळ्या सातपट घटल्या, त्यामुळे वस्तीला आता मच्छरदाण्यांची गरज नाही. त्या मच्छरदाण्या गोदामात बांधून तयार होत्या आणि निर्णयासाठी अडवून ठेवल्या होत्या. मी अहवाल नापास केला असता, तर दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला असता. हे सगळं मला पहिल्याच दिवशी माहीत होतं, आणि म्हणूनच आधी सांगून टाकते आहे.

डावीकडचा पहिला आकडा एकशे तेहतीस. सात गुणिले एकोणीस. दुसरा एक्याण्णव, सात तेरा. मग दोनशे सतरा, सात एकतीस. मग अठ्ठावीस. पाचव्या आकड्याला मी चष्मा पुसला. शहाण्णव आकड्यांपैकी तेरा-चौदा सातनं भागले जावेत, हे ठीक. इथे शहाण्णवच्या शहाण्णव जात होते. मग मी प्रत्येकाला सातनं भागून उजवीकडच्या आकड्याशी लावून पाहिलं. एकोणीस आणि एकोणीस. तेरा आणि चौदा. एकतीस आणि तीस. चार आणि पाच. पावडरीनं एकही अळी मेली नव्हती. कुणीतरी आधीचे खरे आकडे घेऊन सातनं गुणले होते.

मला शिसारी आली. फ्रिजमधल्या बाटल्या पाहून येते तशी नव्हे, त्याहून आतली.

"मोजणीबाईनं घोळ घातला असेल," आकडे दाखवल्यावर नवरा म्हणाला. तो केळं सोलत होता. "त्या बाईला कुठे एवढं कळतं? तिच्याकडून आले तसे मी चढवले."

मोजणीबाई म्हणजे वस्तीत राहणारी, टाक्यांतल्या अळ्या मोजायला नेमलेली बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. घराबाहेर एका टाकीवर वाकून ती ओगराळ्यानं पाणी काढत होती. पांढऱ्या वाडग्यात पाणी ओतायचं, ते स्थिर होऊ द्यायचं, मग ड्रॉपरनं एकेक अळी उचलून दुसऱ्या वाडग्यात सोडायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. अळ्या वळवळत वर येत, पाण्याच्या वरच्या थराला आडव्या टेकून श्वास घेत. मी नाकाला पदर लावला. तिनं ते पाहिलं.

"वास नाही येत त्यांना," ती म्हणाली. "पाणी स्वच्छ आहे. घाण पाण्यात या जातीच्या होतच नाहीत."

मी कोण आहे ते सांगितलं आणि विचारलं, की आकडे लिहिताना तिनं कशानं गुणले वगैरे होते का. तिचा चेहरा एकदम उतरला.

"गुणायचे कशाला? बाई, मी एकेक मोजते. अळी हलते, म्हणून दोनदा मोजते. दोन्ही वेळा वेगळं आलं तर तिसऱ्यांदा मोजते." ती आत गेली आणि वही घेऊन आली. पानं पाण्यानं फुगली होती, पण अक्षर गोल आणि नीट होतं. एकोणीस. तेरा. एकतीस. चार. प्रत्येक पानाखाली सही. "साहेबांना मी तेव्हाच म्हटलं होतं, ही पावडर म्हणजे नुसती राख आहे. अळ्या मरायच्या राहिल्या बाजूला, अंग धरायला लागल्यात. साहेब म्हणाले, तू फक्त मोज."

मी फोनवर पानांचे फोटो काढले. दारातल्या खाटेवर तिची सून बसली होती, सातवा महिना. खाटेवरच्या मच्छरदाणीला इतक्या गाठी मारल्या होत्या, की ती छतापासून खाली पोचतच नव्हती.

"नवीन कधी येणार?" सुनेनं विचारलं. "मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, या दिवसांत ताप चढू द्यायचा नाही."

"येतील," मी म्हणाले.

घरी येऊन मी फोन नवऱ्यासमोर ठेवला. तो पानं सरकवत गेला आणि मग हसला. मला वाटलं होतं तो चिडेल, रडेल, काहीतरी करेल. तो हसला, पत्त्यांच्या डावात पकडलेल्या माणसासारखा.

"दहानं गुणणार होतो," तो म्हणाला. "पण मग सगळीकडे शेवटी शून्य दिसलं असतं. म्हणून सात. मी पण विचार केला होता हं."

"सोळा वर्षं माझ्याबरोबर राहून तुला वाटलं, सात दिसणार नाही?"

"अगं, तुला दिसेल हे माहीत होतं. पण तू घरचीच ना!" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच विसरले होते. "आणि पावडर वाईट नाहीये. यंदा मिश्रण बिघडलं, पुढच्या वर्षी सुधारू. केंद्र तर निघू दे. तुझी खोली राहील, तुझे फळे राहतील. कुणाचं काय जातंय?"

"मच्छरदाण्या जातायत. आणि तू त्या बाईच्या नावावर ढकलणार होतास."

"ढकलणार नव्हतो. वेळ आली असती तर..." त्यानं केळ्याची साल उचलून कचऱ्यात टाकली.

त्याचा तो तृप्त चेहरा, तो गांध्या उठलेला हात, ते ‘मी पण विचार केला होता’, सगळ्याची मला किळस आली. पण खरं लिहायचं तर त्या रात्री मला झोप छान लागली. सकाळी मी माझ्या खोलीत गेले, खिडकी उघडली, फळ्यावर अर्धवट राहिलेला युक्तिवाद पुढे नेला, आणि अहवाल टेबलाच्या खणात ठेवला. स्वतःला सांगितलं, की असं घाईनं काही करू नये. समितीची बैठक तीन आठवड्यांनी आहे, तिथेच रीतसर मांडू. रीतसर हा शब्द मी त्या तीन आठवड्यांत फार वापरला. नवरा रोज विचारायचा, सही झाली का, आणि मी म्हणायची, बघते आहे. तो खुशीत असायचा. मूग गिळून बसलेली बायको ही अर्धी सहीच असते, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

बैठकीला आठ जण होते. अध्यक्ष म्हणजे विद्यापीठाचे एक निवृत्त गृहस्थ, गोड बोलणारे, कायम रुमाल हातात. मी उभी राहून सांगितलं, की डावीकडचे सर्वच्या सर्व आकडे सातनं भागले जातात.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे निसर्गात हे असं असतं? हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय झाला. बघा, यासाठीच संयुक्त केंद्र हवं."

दोघांनी माना डोलावल्या. एकानं लिहूनही घेतलं.

"निसर्गात नाही," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्यानं गुणले आहेत." आणि वहीचे फोटो पडद्यावर दाखवले. नवरा खाली बघत होता. मग शांतपणे म्हणाला, की ही कच्ची वही आहे, बाई अर्धशिक्षित आहे, तिनं दोन वह्या ठेवल्या असतील, तिला काढून टाकता येईल. मला त्याच्या अंगावर पाण्याचा ग्लास फेकावासा वाटला.

अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली आणि मला खिडकीपाशी नेलं.

"मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं," ते हळू आवाजात म्हणाले. "आकडे वाईट दिसतायत. तर तुम्हीच नीट करून द्या ना. खरे आकडे कसे दिसतात, हे तुमच्याइतकं इथे कुणाला कळतं? सोमवारपर्यंत द्या. केंद्राच्या प्रमुखपदासाठी मी तुमचंच नाव सुचवणार होतो."

ते बोलत असतानाच माझ्या डोक्यात सुरू झालं होतं. एकशे तेहतीसऐवजी एकशे एकतीस. एक्याण्णवऐवजी चौऱ्याण्णव. मध्येच एखादा मूळ, एखादा सम, कुठेही लय नाही. मी चार आकडे तयार केले होते आणि ते छान होते. नवऱ्याच्या आकड्यांपेक्षा कितीतरी छान. मी परत टेबलाशी गेले, पेन काढलं, अहवालावर ‘आकडे बनावट आहेत’ असं लिहिलं, खाली सही केली आणि गोदामाला द्यायची प्रत स्वतःच्या पिशवीत घातली. अध्यक्ष रुमालानं हात पुसत राहिले. नवरा माझ्यामागे दारापर्यंत आला आणि म्हणाला, "खोली गेली तुझी." मी म्हणाले, "गेली."

ती प्रत मी स्वतः गोदामात नेऊन दिली. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला, आणि मी ड्रायव्हरशेजारी बसून गेले. खोटं का बोलू, मला मोजणीबाईचा चेहरा बघायचा होता. वाटत होतं, ती काहीतरी चांगलं बोलेल, आणि त्यानं या सगळ्या घाणीची चव जाईल.

ती टाकीशी नव्हती. दारात होती, हातात डबा, कुठेतरी निघालेली. खाट रिकामी होती.

"सून दवाखान्यात आहे," ती म्हणाली. "शनिवारपासून, सहा दिवस झाले. ताप डोक्यात गेलाय म्हणतात. मूल गेलं."

ट्रकमधून माणसं गठ्ठे उतरवू लागली. मी काहीतरी बोलले. समितीत मी सांगितलं, पावडर नामंजूर झाली, तुमचीच मोजणी खरी ठरली, असलं काहीतरी. ती ऐकत होती. तिला मोजायची सवय होती, माझ्यासारखीच.

"माझ्या वहीचे फोटो काढून नेलेत, त्याला आज बावीस दिवस झाले," ती म्हणाली. "कळलं तुम्हाला त्याच दिवशी ना?"

"हो."

"चावल्यापासून ताप यायला दहा-बारा दिवस लागतात, बाई. चौदा धरा." तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "एवढं तर मला पण येतं."

आणि ती दवाखान्याकडे निघाली.